‘लेन्स गेली’ म्हणण्याआधी

सीडी प्लेअर सीडी वाचेनासा झाला आणि दुरुस्तीला नेला, की बऱ्याच ठिकाणी काउंटरवरच निकाल लागतो: ‘लेन्स गेली.’ झाकण उघडलेलं नसतं, कधीकधी तर वायरसुद्धा लावलेली नसते. आपण ‘नो डिस्क दाखवतोय’ म्हटलं, तेवढा पुरावा पुरतो. पाठोपाठ सल्ला येतो, की आता पार्ट मिळत नाही, ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाका. घरात कोणाला तरी ते पटतंच, कारण फळीवरची जागा मोकळी होणार असते. प्लेअर भंगारवाल्याकडे जातो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यामागून सीड्याही जातात. वाजवायचं साधनच घरात उरलं नाही, तर त्या ठेवायच्या कशाला?

मला याचं फार वाईट वाटतं. कारण सीडी न वाचण्याची पाच-सहा तरी कारणं असतात. लेन्स खरोखर जाणं हे त्यांतलं एक. बाकीची बरीचशी घरच्या टेबलावर ओळखता येतात आणि त्यांतली काही तिथेच बरीही करता येतात. माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, नोकरी बँकेतली, पण हातातलं सोल्डरिंग आयर्न काही सुटलं नाही. नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे प्लेअर उघडत आले आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: प्लेअर कामाला लागतो तेव्हा कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो, हे नीट पाहिल्या-ऐकल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही बोलू नये.

सीडी आत गेल्यावर पहिल्या काही सेकंदांत बरंच घडतं. आधी लेन्स, तिच्याखालचा लेसर आणि सेन्सर हे सगळं एका तुकड्यात बसवलेलं असतं, तो तुकडा सरकत मध्याकडे येतो. त्याचं खरं नाव पिकअप, दुकानात त्या सबंध तुकड्याला ‘लेन्स’च म्हणतात. तो मध्याकडे येतो कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. मध्याशी पोचल्यावर एक बारीक स्विच दाबला जातो. मग लेसर पेटतो. त्याचा प्रकाश ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त, डोळ्यांना जवळपास न दिसणारा. पाठोपाठ लेन्स वर-खाली होऊ लागते. ती चकतीतला चकाकता थर शोधत असते. तो सापडून प्रकाश परत आला, की मगच बहुतेक प्लेअरमध्ये मोटर सीडी फिरवायला घेते. फिरत्या चकतीवर लेन्स ज्यांत गाणं लिहिलेलं असतं त्या बारीक खाचांची रांग पकडते आणि सगळ्यात आतल्या घेरांत लिहिलेली अनुक्रमणिका वाचते: किती ट्रॅक, कोणता कुठे सुरू होतो, एकूण मिनिटं किती. ते आकडे पडद्यावर उमटले, की प्लेअर आपल्याकडून तयार झाला.

या साखळीतली कुठलीही कडी तुटली, तरी पडद्यावर येणारी अक्षरं तीच: ‘नो डिस्क’. म्हणून त्या अक्षरांवरून काही ठरवता येत नाही.

हे सगळं किती नाजूक आहे, ते एकदा आकड्यांत पाहावं. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. खाचांची एकच रांग मध्यापासून कडेपर्यंत गोलगोल जाते. दोन घेरांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून जास्त घेर. रांग सरळ उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत सगळा मरीन ड्राइव्ह संपला तरी ती उरेल. फिरताना चकती जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर-खाली डोलू शकते, आणि लेन्सला मात्र एक-दोन मायक्रोमीटरच्या आत नेम धरून ठेवायचा असतो. तो ती धरते कसा? परत आलेला प्रकाश चार भागांच्या एका इवल्या सेन्सरवर पडतो. नेम अचूक असेल तर कवडसा गोल पडतो. अंतर कमी झालं तर तो एका तिरक्या बाजूला लांबट होतो, वाढलं तर दुसऱ्या. चार भागांवरच्या उजेडातला फरक लेन्सभोवतीच्या कॉइलला सांगतो, की वर हो, खाली हो, आणि हे अखंड चालू राहतं. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून १९८० मध्ये सीडीचं प्रमाण ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला. कॉलेजात त्या गोल-लांबट कवडशाची आकृती पहिल्यांदा समजली, तेव्हा ज्याला हे सुचलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता. अजूनही करते.

आता बिघाडाकडे.

ट्रे अर्ध्यात अडकत असेल, बंद होताना कुरकुरत असेल, तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो. ट्रे पूर्ण आत गेला नाही की वरची चकती सीडीला घट्ट दाबत नाही आणि सीडी घसरते. पट्टा बदलायचा, विषय संपला. लेन्स वर-खाली होते पण सीडी फिरतच नाही, म्हणजे प्रकाश परत येत नाही किंवा पुरेसा येत नाही. सीडी झटका खाऊन फिरते, पुन्हा थांबते, भलत्याच वेगात सुटते, म्हणजे थर सापडला पण रांग हाती लागली नाही. तिथे अशक्त लेसर आणि थकलेली मोटर, दोघांवर संशय घ्यावा.

अनुक्रमणिका वाचली जाते आणि नंतर अडखळायला होतं, तो प्रकार सगळ्यात जास्त बोलका. सीडी आतल्या घेरांत मिनिटाला सुमारे ५०० फेरे फिरते आणि बाहेर जाता जाता २०० पर्यंत उतरते, कारण लेन्सखालून सरकणाऱ्या रांगेचा वेग सारखाच राहावा लागतो. त्यामुळे मोटर थकली असेल तर सुरुवातीचीच गाणी अडखळतात, जिथे तिला सर्वांत जोरात पळायचं असतं, आणि शेवटची नीट वाजतात. कुठलीही सीडी घातली तरी साधारण त्याच मिनिटाला अडकत असेल, तर पिकअप ज्या दांड्यावरून आणि दातेरी चाकांवरून सरकतं तिथे घाण किंवा वाळलेलं ग्रीस आहे. आणि एकाच सीडीवर एकाच जागी अडकत असेल, तर प्लेअरला सोडा, सीडी पुसा. एवढं एका संध्याकाळी, चार सीड्या लावून, स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता कळतं.

आत्याच्या प्लेअरच्या बाबतीत तर बरंचसं फोनवरच कळलं. आत्या गिरगावात, चाळीत राहते. दीड खोली, प्लेअर ओट्याच्या वरच्या फळीवर. तिचा फोन आला: “अगं, दुकानवाला म्हणाला लेन्स गेली. खरं का गं?”

“आत्या, एकही सीडी वाजत नाही का?”

“किशोरीताईंची वाजते कधीकधी. दोनदा-तीनदा आत-बाहेर केली की घेतो. बाईंची मात्र एकही घेत नाही.”

बाई म्हणजे आत्याच्या गाण्याच्या बाई. त्यांच्या शिकवणीच्या कॅसेट होत्या, त्या माझ्या चुलतभावाने पुढे कधीतरी कॉम्प्युटरवर सीड्यांवर उतरवून दिल्या. किशोरीताईंची, म्हणजे किशोरी आमोणकरांची सीडी विकत घेतलेली, कारखान्यात छापलेली. छापील सीडीत ॲल्युमिनियमचा थर असतो आणि तो पडलेल्या प्रकाशातला ७० टक्क्यांहून जास्त परत पाठवतो. घरी लिहिलेल्या सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर मध्ये येतो. ती थोडा कमी प्रकाश परत देते, आणि वर्षं जातील तशी त्या रंगातल्या खुणांची ठसठशीतता उतरत जाते. पुन्हापुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर पाव हिश्शाच्या आसपासच परत पाठवते, म्हणून जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. म्हणजे आत्याच्या प्लेअरला थोडं दिसत होतं. छापील सीडी कशीबशी दिसत होती, घरी लिहिलेली दिसत नव्हती. लेसर मेलेला असता तर किशोरीताईही वाजल्या नसत्या. मी तिला सांगितलं, “कोणालाही देऊ नकोस, मी येते.”

चर्नी रोडला उतरून चाळीत पोचले तेव्हा आत्याने टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं आणि स्क्रूसाठी स्टीलची वाटी. आधी प्लग काढला. आत २३० व्होल्ट येतात, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि काढल्यावरही थोडं थांबायचं. झाकण उचललं. कोपऱ्यात, पॉवर सप्लायजवळ, जिथे ऊब असते तिथे झुरळांच्या लेंड्या. सर्किटच्या पाटीवर मऊ, करडी धूळ. पिकअप मधोमध उभं होतं आणि त्यावर लेन्स, जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. स्वच्छ लेन्स टॉर्चच्या उजेडात निळसर-जांभळी झाक मारते. ही करडी दिसत होती. टॉर्च तिरका धरल्यावर तिच्यावर एक तेलकट साय दिसली आणि त्या सायीत अडकलेले धुळीचे कण.

ही साय कशाची ते सांगायला नको. ओट्यावरच्या फोडणीची वाफ वर जाते. तिन्हीसांजेची उदबत्ती, श्रावणातला धूप, दिवाळीतला फटाक्यांचा धूर. एकीकडे सगळ्या गिरगावात जुन्या चाळी पडतायत आणि टॉवर चढतायत, त्याची बारीक पूड वर्षानुवर्षं हवेत आहे. दोन्ही एकत्र आलं की लेन्सवर बसलेलं नुसतं फुंकून जात नाही.

इथे एक शंका येईल. सीडीवर धूळ बसली, बोटांचे ठसे उमटले, तरी सीडी वाजते; मग लेन्सवरच्या एवढ्याशा सायीने काय बिघडलं? पावसात खिडकीच्या काचेवर थेंब असतात, पण आपण पलीकडची गॅलरी बघत असलो तर थेंब नजरेत येत नाहीत, तसं सीडीचं आहे. लेसरचा झोत सीडीच्या खालच्या पृष्ठभागातून शिरतो तेव्हा जवळजवळ पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत सव्वा मिलिमीटरभर जाऊन दीड-दोन मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर येतो. पृष्ठभागावरचा कण त्या रुंद झोतात थोडीशी सावली पाडतो, बस. साय मात्र लेन्सवर सगळीकडे पसरलेली असते. तिच्यातून जातानाही प्रकाश घटतो आणि परत येतानाही. जाता-येता अशी दुहेरी घट झाली की सीडी-आर हातची जाते.

कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने आधी सुटी धूळ उडवली. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार लेन्सवर बसतात. मग कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, दाबून जवळजवळ कोरडी केली. लेन्स नाजूक टेकूंवर तरंगत असते, त्यामुळे काडीच्या स्वतःच्या वजनापलीकडे दाब देऊ नये. मधून कडेकडे गोल फिरवली, काडी टाकून दिली, दुसरी घेतली. पहिल्या काडीच्या टोकाला पिवळट डाग आला होता. आत्या चष्मा वर करून तो डाग बघत म्हणाली, “अगंबाई, हे माझ्या फोडणीचं?” लेन्स प्लास्टिकची असते, म्हणून थिनर, ॲसिटोन, काचा पुसायचा फवारा, अत्तर यांतलं काहीही तिच्याजवळ आणू नये. बाजारात बारीक ब्रश लावलेल्या ‘लेन्स क्लीनर’ सीड्या मिळतात, त्याही घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. तेलकट सायीवर कोरडा ब्रश फारसं काही करत नाही, आणि फिरत्या ब्रशचा फटका त्या नाजूक टेकूंना बसतो.

लेन्स वाळू दिली. मग झाकण उघडंच ठेवून, हात लांब ठेवून, सीडी घालून प्लग लावला. लेसर पेटलेला असताना लेन्सकडे सरळ बघायचं नाही, तो दिसत नाही म्हणून डोळ्याला इजा करणार नाही असं नसतं. लेन्सची टिकटिक ऐकली, मोटर फिरली. किशोरीताईंची सीडी पहिल्या दमात घेतली. मग बाईंची. क्षणभर थांबला आणि आकडे उमटले.

आत्या खुर्चीवर बसली. गाण्याआधी तानपुरा लावणं चाललं होतं, आणि मग बाईंचा आवाज: “अशी नको. परत घे.” आत्या त्या वेळी पंचविशीतली असेल. ती त्यात गात होती, चुकत होती, बाई थांबवत होत्या, आणि आता सत्तरीतली आत्या समोर बसून तीच जागा बारीक आवाजात बरोबर घेत होती. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ट्रॅक संपेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.

पुढे चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास सीडी अडकली. दुसरी लावली, तीही तिथेच. किशोरीताईही तिथेच. म्हणजे सीडीचा दोष नव्हता, सरकण्याचा होता. प्लग काढून दातेरी चाक बोटाने हळूहळू फिरवलं. पिकअप सहज सरकत गेलं आणि एका जागी जड झालं. दांड्यावरचं मूळचं पांढरं ग्रीस तिथे तपकिरी होऊन मेणासारखं बसलं होतं आणि चाकाच्या दोन दातांत एक लांब केस अडकला होता. चिमट्याने केस काढला, अल्कोहोलने दांडा पुसला, प्लास्टिकला चालणारं हलकं ग्रीस थेंबभर लावलं. जास्त लावलं तर तेच पुढे धूळ धरतं. नंतर सीडी शेवटपर्यंत गेली.

लेन्स गेलेली नव्हतीच.

मुंबईच्या हवेबद्दल थोडं. जून ते सप्टेंबर इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि समुद्राजवळ हवेत मीठही. दांड्याला गंज धरतो, चपट्या केबलच्या टोकांवरचे संपर्क काळे पडतात, लेन्सवर बुरशीची जाळी येऊ शकते. फोटो काढणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून ते कॅमेरे सिलिका जेलबरोबर ठेवतात. सीडी प्लेअरबद्दल मात्र कोणी तेवढी काळजी घेत नाही. बंद पडून राहिलेला प्लेअर चालत्या प्लेअरपेक्षा लवकर खराब होतो. पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा तासभर चालवावा, आतल्या उबेने ओल निघून जाते. त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण घालू नये, आत दमट हवा कोंडते. सुती कापड चालेल. आणि ओट्याच्या वर तर ठेवूच नये. आत्याचा प्लेअर आम्ही बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात हलवला.

लेन्स खरोखर जाते तेव्हाचंही सांगायला हवं, नाहीतर कोणी वर्षभर काड्याच फिरवत बसेल. आत्याच्या शेजारच्या आजोबांचा प्लेअर त्यातलाच निघाला. लेन्स स्वच्छ, वर-खाली छान होत होती, पण छापील सीडीसुद्धा घेत नव्हता. लेन्सच्या तिरक्या बाजूला फोन धरला तर कॅमेऱ्यात फिकट जांभळा ठिपका दिसला. म्हणजे लेसर पेटत होता. पण पेटणं वेगळं आणि पुरेसा उजेड देणं वेगळं, तेवढं फोनवरून कळत नाही. लेसर डायोड म्हातारा होतो, उजेड कमी कमी होत जातो. त्याच्या शेजारी इवला प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर असतो, तो फिरवून करंट वाढवला की काही काळ सीड्या वाचल्या जातात, म्हणून काही मेकॅनिक सर्रास फिरवतात. मी त्याला हात लावत नाही. करंट वाढवला की डायोड आणखी झपाट्याने संपतो आणि मोजमाप न करता फिरवला तर त्या मिनिटाला जातो. आजोबांना मी सांगितलं, याला नवा पिकअप लागेल.

आजोबा म्हणाले, “मिळतो का अजून? आम्हाला तर सगळे नाही म्हणतात.”

लॅमिंग्टन रोडला मिळतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदारापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की दुकानांच्या दुतर्फा रांगा. बाहेर केबलची भेंडोळी, आत भिंतभर खणांत रेझिस्टर-कपॅसिटर, काउंटरवर मल्टिमीटर. आजोबांच्या प्लेअरमध्ये केएसएस-२१३सी होता. सोनीचा हा पिकअप कितीतरी कंपन्यांच्या प्लेअरमध्ये बसवलेला असतो, म्हणून तो अजून सापडतो, अर्थात बहुतेक वेळा नक्कल. नंबर डोक्यावर लिहिलेला नसतो, पिकअपच्या अंगावर किंवा खाली असतो, तो आधी टिपून नेलेला बरा. नाहीतर नुसतं ‘सीडीची लेन्स द्या’ म्हटलं तर ते काय देणार?

दुकानातल्या काकांनी डबी काढून समोर ठेवली. मी विचारलं, “ओरिजिनल?”

“नाही ताई, कॉपी आहे. खोटं कशाला बोलू? लागली तर छान चालते. नाही चालली तर घेऊन या, दुसरी देतो.”

मला हे बोलणं आवडलं. त्यांनी न विचारता आणखी एक गोष्ट दाखवली: पिकअपच्या पट्टीवर दोन टिकल्या सोल्डरच्या डागाने जोडलेल्या होत्या. स्थिर विजेने लेसर डायोड मरू नये म्हणून कारखान्यातच तो डाग दिलेला असतो. पिकअप बसवून केबल लावली की तो डाग काढायचा असतो. न काढता प्लेअर चालू केला तर लेसर पेटणारच नाही. नवी लेन्सही खराब निघाली म्हणून परत येणाऱ्यांत या डागाची गिऱ्हाइकं बरीच असतात, असं काका म्हणाले. मुंबईच्या दमट हवेचा एवढा एक फायदा, की अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही. तरी पिकअप हातात घेण्याआधी मी प्लेअरच्या धातूच्या पत्र्याला हात लावते. आजोबांचा प्लेअर त्या नकलेवर चालू लागला. सीडी-आर अजूनही कधी घेतो, कधी नाही. छापील सगळ्या वाजतात.

सीड्यांबद्दल. पुसायची तर मधून सरळ बाहेर, गोल फिरवत कधीच नाही. सीडीतल्या माहितीबरोबर चुका दुरुस्त करायची सोयही लिहिलेली असते आणि रांगेच्या सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गेला तरी तो पुरता भरून काढता येतो. त्रिज्येच्या दिशेने गेलेला ओरखडा प्रत्येक घेराला थोडाथोडाच कापतो, त्यातून प्लेअर निभावून नेतो. रांगेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र एकाच घेराचा लांब तुकडा खातो. खालच्या बाजूचे ओरखडे आपण फार मनावर घेतो, पण तिथे सव्वा मिलिमीटर प्लास्टिक आहे. खरी नाजूक बाजू वरची, लेबलची. चकाकता थर लेबलच्या लगेच खाली, फक्त वार्निशच्या पातळ थराआड असतो. तिथे खरवडलं, तिथे चिकटपट्टी लावून ओढली, तर माहितीच निघून येते, आणि ती परत आणता येत नाही. सीडी उजेडापुढे धरून टाचणीएवढी भोकं दिसली, तर ती त्या थराची. टूथपेस्टने घासायचा घरगुती उपाय मी करत नाही. त्याने एखादा ओरखडा पुसट होतो, पण सोबत शंभर नवे बारीक ओरखडे येतात.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, गाण्यांच्या सीड्यांचं ते जुनं दुकान, २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा बरेच जण हळहळले. मीही त्यांत होते. पण तिथे विकत मिळायचं त्यातलं पुष्कळसं आज फोनवर ऐकता येतं. मला चिंता आहे ती बाईंच्या सीड्यांसारख्यांची. गिरगाव, दादर, पार्ले, डोंबिवली, जिथे जिथे घरगुती बैठका आणि शिकवण्या झाल्या, तिथे अशा हाताने नाव लिहिलेल्या सीड्या कपाटांत आहेत. लग्नातली मंगलाष्टकं, आजीच्या ओव्या, शाळेतल्या सरांचं निरोपाचं भाषण. कॅसेट केव्हाच टाकून दिली, कारण ‘सीडीवर आहे ना’. त्या सीड्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. त्यांच्यावरचा रंग उतरतो आहे, आणि त्या वाचू शकणारी यंत्रं ‘लेन्स गेली’ या दोन शब्दांवर भंगारात चालली आहेत. ज्याच्या घरी असा प्लेअर असेल त्याने आधी लेन्स पुसून बघावी, आणि वाचायला लागला की त्याच आठवड्यात सीड्या उतरवून घ्याव्यात.

आत्याच्या सीड्या आता मी उतरवून घेते आहे. त्यासाठी प्लेअर वापरत नाही, कॉम्प्युटरचा जुना ड्राइव्ह वापरते. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ते प्रत्येक तुकडा पुन्हापुन्हा वाचून ताडून बघतं आणि कुठे शंका राहिली ते शेवटी लिहून देतं. ड्राइव्हचा वेग कमीत कमी ठेवते. एकेका सीडीला बराच वेळ जातो. तयार झालेल्या फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवते, एक माझ्याकडे, एक आत्याच्या मुलाकडे पुण्याला. आत्या प्रत्येक सीडीसोबत वहीत लिहून देते, कुठला राग, सोबत कोण शिकत होतं, साधारण कुठलं वर्ष. ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

बहुतेक सीड्या नीट आल्या. काहींचे शेवटचे ट्रॅक येत नाहीत, कारण सीडी-आर बाहेरच्या कडेपासून खराब होत येते. बोटं तिथे लागतात, ओल तिथून शिरते. पण एका ड्राइव्हला न वाचलेली जागा दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हला कधीकधी वाचता येते, त्यांच्या लेन्सा आणि चुका सुधारायच्या पद्धती वेगळ्या असतात. लॅमिंग्टन रोडच्या काकांना दोन जुन्या ड्राइव्हचे नंबर लिहून दिले आहेत. आले की फोन करतो म्हणालेत.